घाटात सीबी रेडिओ स्वच्छ ऐकू यावा म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: चार गाड्या, दोन थार, एक बोलेरो, एक जिमनी. चौघांकडे २७ मेगाहर्ट्झचे सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या पट्ट्यावरचे) संच आणि सव्वा मीटरचे अँटेना. भोरहून नीरा देवघरच्या काठाने वरंधा घाटाकडे जाताना बोलणं ठीक चालतं. घाट सुरू झाला की दोन-तीन वळणांत खरखर वाढते आणि शेवटची गाडी पार तुटते. लिनियर ॲम्प्लिफायर, म्हणजे संचाची शक्ती वाढवणारा जोडसंच, बसवून वॉट वाढवले तर हे सुटेल का?

नाही सुटणार. शिवाय ते बेकायदा आहे. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्याला परवान्यातून सूट मिळते ती कमाल ५ वॉट ईआरपीपर्यंत (ईआरपी म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती), मान्यताप्राप्त संचासाठी, आणि इतरांच्या संदेशात अडथळा न आणण्याच्या अटीवर. संच घेताना त्याची ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-मान्यता, पाहा आणि बाहेरचा अँटेना लावण्याआधी त्या मान्यतेतल्या अटी वाचून घ्या. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन आखणीचे ४० चॅनेल असलेल्या संचावर आपल्या पट्ट्यात बसतात ते फक्त १ ते २७. चॅनेल १ म्हणजे २६.९६५, चॅनेल २७ म्हणजे २७.२७५. चॅनेल २८ हा २७.२८५ वर, म्हणजे पट्ट्याबाहेर जातो. अँटेना जुळवतानाही हेच २७ चॅनेल धरायचे. पट्टा अरुंद असल्यामुळे जुळणी उलट सोपी जाते.

आता ॲम्प्लिफायरचा हिशेब. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढ होते, चौपट केली की ६ डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट म्हणजेच हे ६ डेसिबल. म्हणजे ५ वॉटचे २० केले तर त्याचा काटा जेमतेम एक घर सरकतो, आणि तुम्हाला तो पूर्वीइतकाच अस्पष्ट ऐकू येतो, कारण ॲम्प्लिफायर फक्त तुमचा आवाज बाहेर पाठवताना काम करतो. अँटेना सुधारला तर जाणारा आणि येणारा दोन्ही संदेश सुधारतात. गाडीतला गोंगाट कमी केला तर येणारा सुधारतो. पैसे आणि वेळ या दोन ठिकाणी घाला.

डोंगर नेमकं काय करतो

२७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर. ही लांबी डोंगरात आपल्या बाजूची आहे, कारण लांब लाट धारेवरून वाकून पलीकडे थोडी तरी उतरते. समजा दोन गाड्यांमध्ये ४ किलोमीटर अंतर आहे आणि बरोबर मध्ये एक धार त्यांच्या सरळ रेषेच्या १०० मीटर वर उठलेली आहे. या धारेमुळे होणारं जादा नुकसान सीबीवर साधारण १६ डेसिबल येतं. १५० मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफवर तेच २३ आणि ४४६ मेगाहर्ट्झच्या वॉकीटॉकीवर २७-२८ डेसिबल होतं. म्हणून आड डोंगर असताना सीबी तग धरतो, हे खरं आहे. पण हा हिशेब धार चाकूच्या पात्यासारखी पातळ धरून केलेला आहे. सह्याद्रीत बसाल्टचे थर एकावर एक बसलेले असतात, वर रुंद पठार आणि कडेला सरळ तुटलेला कडा. रुंद माथ्यावरून लाटेला दोनदा वाकावं लागतं आणि नुकसान याहून वाढतं.

यातला सगळ्यात उपयोगाचा भाग पुढे आहे. तीच १०० मीटरची धार, तेच ४ किलोमीटर अंतर, पण तुमची गाडी कड्याच्या पायथ्यापासून फक्त १०० मीटरवर उभी आहे. नुकसान १६ वरून २५ डेसिबलवर जातं. तीच गाडी पायथ्यापासून ५०० मीटर दूर नेली की ते १९ वर येतं. म्हणजे ४०० मीटर सरकल्याने ६ डेसिबल मिळाले, शक्ती चौपट केल्याइतके, एक पैसा न खर्चता. कड्याला चिकटून बोलू नका. घाटातल्या रस्त्यावर नेमकं हेच होतं. एका बाजूला कातळ कापलेला, दुसऱ्या बाजूला दरी, आणि गाडी कातळाच्या सावलीत. बोलायचं असेल तर जिथे दरी उघडते त्या बाहेरच्या वळणावर बोला, आतल्या वळणावर, ओढ्याच्या पुलाशी बोलू नका. आतलं वळण म्हणजे घळ, तिथे तिन्ही बाजूंनी डोंगर असतो.

पठारावर उभं राहणाऱ्यासाठी नियम उलटा आहे. खाली कोकणात असलेल्याशी बोलायचं तर पठाराच्या आत २०० मीटरवर उभं राहून उपयोग नाही, कारण पठाराची कडाच आड येते. खालचा माणूस नजरेला दिसेल इतपत पुढे या. माणसाने यावं, गाडीने नव्हे. पावसाळ्यात कड्याजवळची माती सुटलेली असते, गाडी तिथे नेऊच नये.

चालत्या गाडीत आवाज फडफडतो, दर सेकंदाला येतो-जातो, त्याचं कारण वेगळं. एक लाट थेट येते, दुसरी समोरच्या कड्यावर आपटून येते. दोघी एकमेकींना कुठे जोर देतात, कुठे मारतात. असे मेलेले बिंदू साधारण साडेपाच मीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर येतात. गाडी उभी असताना आवाज अचानक बुडालेला वाटला तर अडीच-तीन मीटर पुढे किंवा मागे घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो परत येतो. अँटेनाच्या दुरुस्तीला लागण्याआधी हे करून पाहावं.

अंतराची अपेक्षाही वास्तवातली ठेवा. मोकळ्या पठारावर दोन गाड्यांत ५ ते १० किलोमीटर मिळावेत. घाटात धार आड असेल तर १ ते ३ किलोमीटर मिळाले तरी यंत्रणा उत्तम चालली आहे असं समजा. आणि दोघेही माथ्यावर, एकमेकांना दिसत असतील, तर याच संचांवर २० किलोमीटरच्या पुढे सहज बोलता येतं.

अँटेना आणि त्याच्याखालचं लोखंड

पूर्ण पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे २.६ मीटर लांब असतो. गाडीवर तो वापरणं कठीण, म्हणून वेटोळं घालून तो आखूड करतात. सव्वा मीटरचा अँटेना हा त्यातला चांगला समझोता. त्याहून आखूड, ४०-५० सेंटिमीटरचे दिसायला सुबक अँटेना घाटात निराश करतात. घेताना वेटोळं कुठे आहे ते पाहा. वेटोळ्याच्या खालच्या भागात प्रवाह जास्त असतो आणि लाट मुख्यत्वे तिथून बाहेर पडते. म्हणून वेटोळं टोकाकडे असलेला अँटेना बुडाशी वेटोळं असलेल्यापेक्षा सरस, विशेषतः बुडाचा भाग गाडीच्या आडोशाला येत असेल तर.

जागेच्या बाबतीत छपराचा मध्य सर्वांत चांगला, कारण अँटेनाच्या बुडाशी चारही बाजूंना लोखंड हवं. अँटेना हा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचं अंग. बोलेरोच्या पत्र्याच्या छपरावर १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाचा मॅग्नेट माउंट छान बसतो. लोहचुंबकाखाली धूळ, स्टिकर, जाड रबर नको. रंगावर बसला तरी चालतो, कारण तिथे जोड प्रत्यक्ष स्पर्शाचा नसून कपॅसिटरसारखा असतो. मात्र तळ लहान असेल तर हा जोड कमजोर पडतो. दोन इंची चुंबक म्हणूनच घेऊ नये.

थारची अडचण इथे आहे. कापडी किंवा फायबरच्या छपरावर चुंबक चिकटत नाही, आणि चिकटवला तरी खाली लोखंड नाही. मग अँटेना मागच्या दारावरच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटला लावला जातो. जिमनीतही बरेच जण तेच करतात. त्यात दोन चुका होतात. पहिली, अँटेनाचा खालचा अर्धा भाग गाडीच्या पाठीला चिकटून समांतर जातो. त्याने जुळणी बिघडते आणि पुढच्या बाजूचा संदेश अडतो. ब्रॅकेट इतका उंच घ्या की अँटेनाचा निदान वरचा दोन तृतीयांश भाग छपराच्या वर राहील. दुसरी चूक अधिक वाईट. मागचं दार बिजागरीवर लटकतं, बिजागरीत ग्रीस असतं, रंग असतो. मल्टिमीटर अर्धा ओहम दाखवतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण २७ मेगाहर्ट्झला मल्टिमीटरचा ओहम पुरेसा नाही. एक मीटर लांब बारीक वायर या कंप्रतेला दीडशेहून जास्त ओहमचा अडथळा करते. दारापासून चॅसीला १५ ते ३० सेंटिमीटरची, निदान दीड सेंटिमीटर रुंद, सपाट विणलेली तांब्याची पट्टी लावा. दोन्ही टोकांना रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग फासा, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरेल. बॉनेट, सायलेन्सरचा पाइप आणि पिकअपचा हौदा यांनाही अशाच पट्ट्या लावल्या तर अँटेनाची जमीन (म्हणजे त्याचा उरलेला अर्धा भाग असलेलं लोखंड) मोठी होते आणि इंजिनाचा गोंगाटही उतरतो.

बंपरच्या कोपऱ्यावर लावलेला अँटेना सगळीकडे सारखा फेकत नाही. ज्या दिशेला गाडीचं लोखंड जास्त, त्या दिशेला तो जोरात. मागच्या डाव्या कोपऱ्यावरचा अँटेना पुढे उजवीकडे सर्वांत चांगला बोलतो. ताफ्याच्या शेवटच्या गाडीला हे चालतं, कारण तिचे सगळे सोबती पुढे आहेत. पहिल्या गाडीवर मात्र अँटेना छपरावर किंवा पुढे हवा. आणि सर्वांचे अँटेना उभेच हवेत. एक उभा आणि एक आडवा असेल तर बरंच नुकसान होतं. फांद्यांसाठी दोरीने वाकवून बांधलेला अँटेना घाटातही तसाच राहून जातो, ते लक्षात ठेवून सोडा.

एसडब्ल्यूआर: अर्ध्या तासाचं काम

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते हे सांगणारा आकडा, जितका १ च्या जवळ तितका चांगला. नवा अँटेना दुकानातून जुळलेला येत नाही, कारण त्याची जुळणी तुमच्या गाडीच्या पत्र्यावर अवलंबून असते. चौघांच्या गाड्या वेगळ्या, म्हणून चौघांनी आपापल्या गाडीवर मोजलं पाहिजे. एक एसडब्ल्यूआर मीटर चौघांत पुरतो.

गाडी मोकळ्या मैदानात घ्या. भिंत, झाड, दुसरी गाडी यांपासून ८-१० मीटर लांब, दारं बंद, अँटेनाजवळ कोणी उभं नको. संच आणि मीटर यांमध्ये अर्धा ते एक मीटरची चांगली जोडकेबल. चॅनेल १ वर माइक दाबा, मीटरचं बटण पुढच्या दिशेला (जाणारी शक्ती) ठेवून काटा ‘सेट’वर आणा, मग परतीच्या दिशेला करून वाचा. माइकवर बोलू नका, शिट्टी मारू नका, आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तेच चॅनेल १४ आणि चॅनेल २७ वर करा. प्रत्येक चॅनेलला ‘सेट’ नव्याने करायचं, हे विसरलं की सगळे आकडे खोटे येतात.

चॅनेल २७ वर आकडा जास्त आणि १ वर कमी असेल तर अँटेना लांब आहे, आखूड करा. १ वर जास्त असेल तर तो आखूड आहे, टोकाची काडी वर ओढा. पूर्ण लांबीच्या काडीत १ सेंटिमीटरने जवळपास १०० किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा चॅनेलचा फरक पडतो. वेटोळ्याच्या आखूड अँटेनात तेवढाच फरक काही मिलिमीटरमध्ये होतो. म्हणून कापायची वेळ आली तर एका वेळी ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. कापलेलं परत येत नाही, आणि बहुतेक अँटेनाला फक्त स्क्रू सोडून काडी आत ढकलली तरी काम होतं.

१.५ च्या खाली आलं की थांबा. तिथे फक्त ४ टक्के शक्ती परत येते, २ वर ११ टक्के. १.५ चं १.१ करण्यात तासभर घालवू नका, कानाला फरक कळणार नाही. ३ च्या वर मात्र बोलूच नका. पाव शक्ती मागे येते आणि संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापतो. तिन्ही चॅनेलवर सारखाच ३ च्या वर आकडा येत असेल तर लांबी हा प्रश्नच नाही. प्लगमध्ये शॉर्ट आहे, केबल तुटली आहे किंवा ब्रॅकेटला जमीन मिळत नाही. अँटेना काढून केबलचा मधला तार आणि बाहेरची जाळी यांत मल्टिमीटर लावा: उघडं दिसायला हवं. मधला तार आणि जाळी, दोन्ही टोक ते टोक एक ओहमच्या आत हवेत. काही अँटेना मुळातच जमिनीला शॉर्ट दिसतात, त्यांची रचनाच तशी असते, म्हणून तपासणी नेहमी अँटेना काढून करावी.

एक इशारा. एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे अँटेना चांगला, असं नाही. खराब जमीन आणि पाणी शिरलेली केबल शक्ती खाऊन टाकतात आणि आकडा सुंदर दाखवतात. काही महिन्यांमागे १.८ असलेला आकडा काही न करता १.२ झाला तर आनंद मानू नका, केबल तपासा.

केबलबद्दल बाजारात फार बोललं जातं. गाडीतल्या पाच-साडेपाच मीटरला आरजी-५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झवर अर्ध्या डेसिबलच्या आत नुकसान होतं, तेव्हा महागड्या जाड केबलने घाट जिंकता येत नाही. दाट जाळी आणि नीट डाख दिलेला प्लग महत्त्वाचा. दाबून बसवलेले स्वस्त प्लग खड्ड्यांत सैल होतात आणि मग आवाज गाडीच्या हादऱ्यांबरोबर तुटतो. उरलेली केबल घट्ट गुंडाळी करून चिकटवू नका, सैल आठच्या आकारात ठेवा. दारातून नेताना ती कडेला चेपत नाही ना पाहा. चेपलेली जागा बाहेरून धडधाकट दिसते.

गाडीतला गोंगाट

मला विचाराल तर घाटातल्या निम्म्या तक्रारी इथल्या असतात. दूरच्या गाडीचा संदेश धारेवरून वाकून येता येता क्षीण झालेला असतो आणि तुमच्याच गाडीतला गोंगाट त्याला गाडून टाकतो. मीटरवर गोंगाट एस-५ असेल आणि तो एस-२ वर आणला तर १८ डेसिबल मिळाले. समोरच्याने शक्ती ६३ पट केल्याइतका हा फायदा आहे. सीबीचे मीटर काटेकोर नसतात, पण दिशा हीच.

शोधण्याची पद्धत साधी. उघड्या जागी, सगळं बंद, फक्त संच चालू, स्क्वेल्च (संदेश नसताना खरखर बंद ठेवणारं बटण) पूर्ण उघडा, आरएफ गेन (ऐकण्याची संवेदनशीलता) पूर्ण वर. मीटर आणि खरखर लक्षात ठेवा. मग किल्ली फिरवा, इंजिन सुरू करा, मग एकेक वस्तू: यूएसबी चार्जर, डॅशकॅम, एलईडी बार, वायपर, एसीचा पंखा. बहुतेक वेळा दोषी निघतात ते यूएसबी चार्जर आणि स्वस्त एलईडी बार. त्यांच्या आतल्या स्विचिंग सर्किटचा गोंगाट वायरवाटे पसरतो. चार्जर काढून टाका, हा सर्वांत स्वस्त उपाय. एलईडी बारच्या दोन्ही वायरी बारच्या अगदी जवळ फेराइट (गोंगाट अडवणारा चुंबकीय पदार्थ) कड्यातून तीन-चार वेळा ओवून घ्या. कड्यातून एकदा सरळ नेलेली वायर फार काही करत नाही, अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. फेराइटचं मिश्रण ३१ किंवा ४३ क्रमांकाचं असलं तर २७ मेगाहर्ट्झला उपयोगी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आल्टरनेटरची. संचाची वीज सिगारेट सॉकेटमधून घेतली असेल तर ती आधी तिथून काढा आणि थेट बॅटरीवरून आणा, दीड ते अडीच चौरस मिलिमीटर वायर, बॅटरीजवळ ३ अँपियरचा फ्यूज. टकटक असा तुटक आवाज वेगाबरोबर वाढला तर तो पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगचा. रेझिस्टर असलेले प्लग बसवा. संचात नॉइज ब्लँकर (तुटक गोंगाट गाळणारी सोय) असेल तर तो याच टकटकीवर चालतो. एलईडीच्या सततच्या खरखरीवर त्याचा उपयोग नाही.

बाहेरचा गोंगाट मात्र टाळता येतो तो जागा आणि चॅनेल बदलून. भिरा, खोपोली, पोफळी अशा जलविद्युत केंद्रांवरून निघालेल्या उच्चदाब वाहिन्यांखाली, विशेषतः दमट हवेत, खरखर जोरात येते. पाचशे मीटर पुढे जाऊन बोला. आणखी एक गोष्ट: हा पूर्ण पट्टा औद्योगिक यंत्रांनाही दिलेला आहे, मध्यबिंदू २७.१२ मेगाहर्ट्झ. प्लॅस्टिक जोडणारी उच्च कंप्रतेची यंत्रं त्यावर चालतात. तो बिंदू बरोबर चॅनेल १३ आणि १४ च्या मध्ये पडतो. एमआयडीसीच्या जवळून ताफा निघत असेल तर हे दोन चॅनेल सोडून द्या. ताफ्यासाठी एक मुख्य आणि एक राखीव चॅनेल निघण्याआधीच ठरवा, मध्यबिंदूपासून दूरचे, उदाहरणार्थ ५ आणि २३.

भर दिवसा अचानक परक्या भाषेत जोरदार बोलणं येऊ लागलं तर संच बिघडलेला नाही. सूर्यावरची हालचाल वाढलेल्या वर्षांत, जशी ती २०२४ च्या सुमारास शिगेला होती, २७ मेगाहर्ट्झ आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, उसळी घेऊन हजारो किलोमीटर जातो. दूरच्या त्या संदेशापुढे धारेपलीकडचा तुमचा सोबती हरतो. राखीव चॅनेलवर जा. अंधार पडल्यावर हा त्रास सहसा ओसरतो.

पायी चालणाऱ्यांचे हातातले संच

ताफ्यातले दोघे-तिघे गाडी सोडून किल्ल्यावर चढतात आणि हातातल्या संचावरून खाली बोलू पाहतात. २०-२५ सेंटिमीटरचा रबरी अँटेना या तरंगलांबीला अगदीच अपुरा आहे. त्याची उरलेली अर्धी बाजू म्हणून तुमचा हात आणि अंग काम करतं. उपाय स्वस्त आहे. २.६५ मीटर लवचिक वायर घ्या, अँटेनाच्या बुडाशी जो धातूचा बाहेरचा कडा असतो त्याला क्लिपने जोडा आणि वायर खाली लोंबू द्या. जमिनीवर गोळा होऊ देऊ नका. या एका वायरीने ऐकणं आणि बोलणं दोन्हीत ठळक फरक पडतो. संच उभा धरा, खिशात आडवा ठेवून माइकवरून बोलू नका.

मुक्कामाच्या जागी याहून चांगलं करता येतं. अर्ध्या तरंगलांबीचा वायरचा डायपोल: दोन तुकडे, प्रत्येकी २.७५ मीटर कापा, मग मोजत मोजत २.६४ च्या आसपास आणा. मधोमध केबल जोडा, एक तुकडा तिच्या मधल्या तारेला, दुसरा जाळीला. जोडाजवळ केबलचेच १०-१२ सेंटिमीटर व्यासाचे सहा-सात वेढे घालून बांधा, म्हणजे केबलची जाळी स्वतः अँटेना होत नाही. नायलॉन दोरीने झाडाच्या फांदीवरून उभा ओढा. केबल निदान दीड-दोन मीटर आडवी लांब नेऊन मग खाली सोडा. ती वायरीला समांतर खाली आली तर सगळी जुळणी फुकट जाते. हा अँटेना गाडीच्या लोखंडावर अवलंबून नाही, म्हणून कापडी छपराच्या थारवाल्यांनी तळावर हाच वापरावा.

बोलण्याची शिस्त

स्क्वेल्च हा घाटातला छुपा शत्रू आहे. शहरात खरखर नको म्हणून तो घट्ट केलेला असतो आणि घाटात क्षीण संदेश त्याच्याआड अडकतो. घाट सुरू झाला की तो खरखर जेमतेम थांबेल इथवर सैल करा, आणि कोणी तुटलं असेल तर पूर्ण उघडा. आरएफ गेन पूर्ण वर. दोन गाड्या अगदी जवळ असून आवाज फाटत असेल तरच तो खाली घ्यायचा. माइक तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटर, थोडा तिरका. ओरडलं की आवाज फाटतो, लांब जात नाही. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. वाक्यं लहान ठेवा आणि महत्त्वाचं दोनदा सांगा: “टँकर वर येतोय, टँकर, आतल्या वळणावर थांबा.”

आणि आता तुमच्या मूळ अडचणीचा खरा इलाज. घाटात धारेपलीकडे पोचायचं तर मधला माणूस लागतो. ताफ्यात सर्वांत चांगला अँटेना असलेली गाडी खिंडीत थांबवा, जिथून दोन्ही बाजू उघड्या आहेत. पहिली गाडी कोकणात बिरवाडीकडे उतरत असेल आणि शेवटची अजून भोरच्या बाजूने चढत असेल, तर दोघींना एकमेकींचं ऐकू येणार नाही, पण खिंडीतल्या गाडीला दोघींचं येईल. ती निरोप शब्दशः पुढे देईल, स्वतःची भर न घालता. शेवटची गाडी खिंड ओलांडेपर्यंत ती हलणार नाही, हे निघताना ठरवा. वाट चुकलेल्याने, गाडी बंद पडलेल्याने दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं संच चालू ठेवून ऐकावं, हेही आधी ठरलेलं असावं. बॅटरी वाचते आणि शोधणाऱ्यालाही वेळ माहीत असते.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. पाऊस आणि धुकं २७ मेगाहर्ट्झला अडवत नाहीत. अडवतं ते जोडांत शिरलेलं पाणी. बाहेरच्या प्रत्येक प्लगवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा, वरून साधी इन्सुलेशन टेप लावा, आणि केबल गाडीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. केबल सोलल्यावर जाळी काळी पडलेली दिसली तर ती धुऊन-पुसून उपयोग नाही, बदलाच. दुसरी गोष्ट वळवाच्या आणि परतीच्या पावसातली: मेघगर्जना ऐकू आली की पठारावरचा आणि खिंडीतला अँटेना खाली घ्या, झाडावरचा डायपोल सोडून केबल संचापासून काढा, आणि गडगडाट थांबून अर्धा तास होईपर्यंत तो परत चढवू नका.